सवड, नोकरी आणि वाङ्मय

माणसाच्या कामाविषयी वाङ्मयाने काय सांगितले, याची चर्चा आपल्या समीक्षेत पुष्कळ झाली आहे. श्रमाचा गौरव, श्रमिकाचे शोषण, यंत्राच्या सहवासात माणसाला येणारे यांत्रिकपण हे विषय तिने अनेकदा हाताळले. त्या मानाने काम संपल्यावर, किंवा कामाच्या मध्येच, माणसाच्या हाती जो वेळ उरतो त्याच्याकडे तिचे लक्ष क्वचितच गेले. सवड ही खासगी आणि किरकोळ बाब आहे, तिच्यात विचार करण्याजोगे काही नाही, असा एक अबोल समज यामागे असावा. वस्तुतः आपल्या आधुनिक वाङ्मयाचा फार मोठा भाग नोकरी करणाऱ्या माणसांनी नोकरीतून काढलेल्या सवडीत लिहिलेला आहे. ज्या वेळेवर वाङ्मय उभे राहते, त्या वेळेचा विचार वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरचा कसा मानता येईल?

प्रस्तुत लेखात सार्वजनिक क्षेत्रातील नोकरदाराच्या सवडीचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी भिलाई आणि तिच्या दक्षिणेस वसलेले उतई हा परिसर मी निवडला आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतात दुर्ग जिल्हा होता. मुंबई-हावडा लोहमार्ग नागपूरहून याच मुलखातून पुढे जातो. मराठी वाचकाला हा प्रदेश सर्वस्वी परका नाही. पण निवडीचे खरे कारण वेगळे आहे. मराठी वाङ्मयाने कारखाना पाहिला तो मुख्यतः मुंबईच्या गिरणीच्या रूपाने, आणि नोकरी पाहिली ती मुख्यतः कचेरीच्या रूपाने. भिलाईत जे घडले ते या दोन्हींत पुरते बसत नाही. म्हणून आपल्या रूढ कल्पना तपासून पाहण्यास ते उपयोगी पडते.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत मोकळ्या वेळेला शब्दांची वाण नाही. उसंत मिळते, सवड काढावी लागते, रिकामपण मात्र खायला उठते. या क्रियापदांच्या निवडीतच समाजाचा निवाडा आहे. रिकाम्या न्हाव्याने भिंतीला तुंबड्या लावल्या, तेव्हापासून रिकाम्या माणसाविषयी आपले मत फारसे बदललेले नाही. परंतु नोकरीच्या जगात तीन शब्दांमधील भेद विशेष महत्त्वाचा ठरतो: सवड, रजा आणि सुट्टी. सवड ही आपली आपण काढलेली असते. रजा दुसऱ्याने द्यावयाची असते. त्या शब्दाचा मूळ अर्थच संमती किंवा अनुज्ञा असा आहे. तिचा अर्ज करावा लागतो, ती मंजूर व्हावी लागते, ती किरकोळ असते किंवा अर्जित असते, आणि वर्षअखेरीस तिची शिल्लक निघते. सुट्टी या दोहोंहून निराळी. सुट्टी एकट्याची नसते. ती सर्वांना एकदम होते, आणि त्या एकदम होण्यातच तिचा अर्धा आनंद असतो.

आपल्या वाङ्मयाने यांपैकी कोणत्या वेळेचे चित्रण केले? मर्ढेकरांपासून आरंभ करणे योग्य होईल. ते स्वतः आकाशवाणीचे नोकर होते आणि १९५६ साली त्याच सेवेत असताना वारले. समर्थांनी ज्या वळणाच्या रचनेतून साधकाला दिनक्रम घालून दिला, त्याच वळणात मर्ढेकरांनी शहरी चाकरमान्याचा दिनक्रम बसविला. तेथे वेळापत्रक विजेच्या गाडीचे आहे आणि उपदेश कचेरीच्या शिस्तीचा. विडंबनाची धार तीक्ष्ण आहे यात शंका नाही. तथापि या कवितेत सवड म्हणजे कामाने चोखून टाकलेल्या दिवसाचा चोथा. माणूस कामात मरतो आणि उरलेल्या वेळात त्या मरणाची जाणीव त्याला होते. ही दृष्टी समर्थ असली तरी ती एकाकी माणसाची आहे. गाडीत खेटून उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाची सवड तिला दिसत नाही.

याच्या उलट टोकाला पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) आहे. हे पुस्तक प्रसिद्ध झाले त्या काळात तेही आकाशवाणीत काम करीत होते. चाळीतले पुरुष बहुतेक नोकरदार आहेत, पण त्यांच्या कचेऱ्या आपल्याला जवळजवळ दिसतच नाहीत. दिसते ते कचेरीनंतरचे जीवन: उपास, भ्रमणमंडळ, आणि गच्चीसाठी दिलेला लढा. हा लढा आपण विनोद म्हणून वाचतो आणि तो विनोद आहेच; परंतु त्यात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. गच्ची ही चाळकऱ्यांची एकत्र बसण्याची जागा. ज्यांच्या खोल्यांत पाय पसरण्यास जागा नाही, त्यांनी आपल्या सामाईक फुरसतीवरचा हक्क मागितला आहे. देशपांड्यांनी सवडीला माणसांची सोबत दिली, हे त्यांचे मोठे कार्य. मात्र ही सोबत शक्य झाली ती एका अटीवर: सर्वांच्या कचेऱ्या साधारण एकाच वेळी सुटतात आणि सर्वांना रविवार एकाच दिवशी येतो. लेखकाने ही अट उच्चारली नाही, कारण त्याच्या जगात ती निसर्गनियमासारखी गृहीत होती.

पण रविवारही निसर्गाने दिलेला नाही. तो मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळे साहेबाचा विश्रांतीचा दिवस कामगाराला परका वाटण्याचे कारण नव्हते. पुढे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचा कारभार पाहत असताना ज्या सुधारणांचा पाठपुरावा झाला, त्यांतून १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ती मर्यादा कायम केली. आपल्या सवडीचा इतिहास हा असा मागण्यांचा आणि कायद्यांचा इतिहास आहे. ती फुकट मिळालेली नाही, एवढे तरी तिच्याविषयी लिहिणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

आता भिलाईकडे वळू. सोव्हिएत संघाशी १९५५ च्या फेब्रुवारीत करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. भाताच्या शेतांत एक पोलादाचा कारखाना आणि त्याच्याबरोबर आखीव नगर उभे राहिले. सेक्टरांचे क्रमांक, घरांचे प्रकार, शाळा, रुग्णालय, क्रीडांगणे, बागा हे सारे नियोजनात होते. येथे नोकराचे काम ज्या हाताने आखले, त्याच हाताने त्याची सवडही आखली. गिरणीमालकाने कामगाराच्या संध्याकाळचा विचार केला नव्हता. सरकारी कारखान्याने तो केला. नव्या राष्ट्राचा नवा नागरिक कामावर जसा घडणार होता, तसा तो मैदानावर आणि नाट्यगृहातही घडणार होता.

परंतु झोतभट्टीचा स्वभाव गिरणीच्या चात्यासारखा नसतो. गिरणी शनिवारी संध्याकाळी थांबविता येते आणि सोमवारी सकाळी सुरू करता येते. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे अखंड जळत राहते. ती थंडावली तर आतला लोहरस गोठून बसतो. भट्टीला रविवार नसतो, आणि म्हणून भट्टीजवळच्या माणसालाही तो नसतो. त्याच्या वाट्याला पाळी येते: सकाळी सहाची, दुपारी दोनची, रात्री दहाची. आठवड्याचा विश्रांतीचा दिवस कायद्याने मिळतो, पण तो ज्याचा त्याला निराळा. लोखंड्यांनी मिळविलेली सुट्टी येथे पुन्हा फुटून जणू हजारो रजांमध्ये वाटली गेली. सवडीचे तास कमी झाले नाहीत. कदाचित वाढलेही असतील. नाहीशी झाली ती त्यांची एकवेळता. एका घरातले दोन भाऊ दोन पाळ्यांवर असले तर एकाच्या दुपारी दुसऱ्याची रात्र असते. ‘बटाट्याची चाळ’ भिलाईत उभी केली असती, तर भ्रमणमंडळाला सर्वांच्या सोयीचा दिवस सापडला नसता आणि विनोदाचे स्वरूपच पालटले असते.

भिलाईतील कामाविषयी सर्वांत मार्मिक लेखन एका समाजमानवशास्त्रज्ञाने केले आहे. जोनाथन पॅरी यांनी या परिसरात दीर्घकाळ राहून अभ्यास केला. त्यांचा १९९९ सालचा निबंध आणि २०२० सालचा बृहद्‌ग्रंथ त्यातून निर्माण झाला. शेतावरचा माणूस कामाच्या लयीप्रमाणे जगत होता आणि कारखान्याच्या घड्याळाने त्याला वेळेचा गुलाम केले, असा जो विचार इंग्रज इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी १९६७ मध्ये प्रभावीपणे मांडला होता, त्याला पॅरी यांचे निरीक्षण छेद देते. सरकारी कारखान्यातील काम भट्टीजवळ जीव काढणारे असले, तरी अशा कठीण क्षणांच्या मध्ये मोकळा वेळ पसरलेला असतो. त्यात चहा होतो, गप्पा होतात, भिन्न जातींची आणि भिन्न प्रांतांची माणसे एकमेकांना ओळखू लागतात. आणि भाताच्या खाचरातून आलेल्या माणसाला खाचराची आठवण गोड वाटत नाही. कंबर मोडणारी लावणी आणि उन्हातली कापणी त्याने भोगलेली असते. गावाकडच्या निवांतपणाचे गोडवे गाणारे बहुधा तेच, ज्यांनी तेथे चिखलात पाय घातलेले नसतात.

आपल्या ग्रामीण वाङ्मयाने आणि शहरी कवितेनेही या ठिकाणी स्वतःला प्रश्न विचारला पाहिजे. गाव म्हणजे स्वाभाविक लय आणि यंत्र म्हणजे तिचा भंग, हे समीकरण आपण इतके सरावाने वापरतो की ते अनुभवातून आले की वाचनातून आले, हेच विसरून जातो.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. कामाच्या वेळेतली ही मोकळीक म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातला सुपरिचित कामचुकारपणाच नव्हे काय? ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण लोकांनी उगाच तयार केलेली नाही. आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र दोन गोष्टींत भेद करावा लागेल. भट्टीतून रस काढण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. कोळशाचा कोक होण्यास तास लागतात. त्या दरम्यान वाट पाहणे हा कामाचाच भाग असतो. जो वाट पाहतो तो काम टाळतो असे नव्हे. दुसरे असे की, ही मोकळीक निर्धास्तपणे उपभोगता येते ती नोकरी पक्की असल्यामुळे. भिलाईच्या भोवतालच्या खासगी कारखान्यांत काम अधिक पिळवटून घेतले जाते. तेथेही पदार्थाला शिजण्यास वेळ लागतोच, पण वाट पाहणाऱ्या माणसाला त्या वेळात दुसऱ्या कामाला जुंपता येते. तेव्हा सवडीचा उगम यंत्रात नाही आणि आळसातही नाही. तो सुरक्षिततेत आहे.

पॅरी यांनी या भागातील बोलीतला एक भेद उचलून धरला आहे: नौकरी आणि काम. मराठी माणसाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘नोकरीत आहे’ आणि ‘कुठेतरी काम करतो’ ही दोन उत्तरे आपल्याकडेही सारखी मानली जात नाहीत. नोकरी असणाऱ्याला रजा असते. काम करणाऱ्याला खाडा असतो. रजेचा पगार मिळतो, खाड्याचा कापला जातो. एकच दिवस, तोच गावचा उत्सव, घरी बसलेली दोन माणसे; पण एकाची ती विश्रांती आणि दुसऱ्याचे ते नुकसान. काम नसलेल्या दिवसाला सवड म्हणावयाचे की बेकारी, हे त्या दिवसावरून ठरत नाही.

उतईसारखी गावे या भेदाच्या मधोमध आहेत. उतई आज नगर पंचायत आहे. सार्वजनिक उद्योगांच्या रक्षणासाठी १९६९ मध्ये जे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल स्थापन झाले, त्याचे एक प्रशिक्षण केंद्रही तेथे आहे. म्हणजे कारखान्याचे फाटक ज्यांनी राखावयाचे ते जवान येथे तयार होतात, आणि त्या फाटकातून कोणाला आत जाता येईल हा प्रश्न भोवतालच्या गावांना पडतो. १९८० च्या दशकाच्या मध्यास भिलाई कारखाना आणि त्याच्या खाणी यांत मिळून साठ हजारांच्या घरात कायम नोकर होते. नंतर ती संख्या निम्म्याहूनही खाली आली. उत्पादन वाढत गेले आणि कायम नोकरांच्या जागी कंत्राटी मजूर येत गेले. ज्या घरात बापाला रजा होती, त्याच घरात मुलाला खाडा आहे.

याच मुलखात सवडीचे आणखी एक रूप होते. हरेलीला शेतकरी नांगर-कुदळी धुऊन पूजतो. पोळ्याला, विदर्भात तसाच येथेही, बैलाला पूजेचा मान मिळतो. ही खरी सुट्टी: अवजारे, जनावरे आणि माणसे यांना एकदम झालेली. आणि धान घरात आल्यावरच्या रात्री पंडवानीच्या. महाभारताची कथा एक गायक तंबोऱ्यावर उभी करतो. तोच तंबोरा घटकेत भीमाची गदा होतो, घटकेत अर्जुनाचे धनुष्य. रात्रभर चालणारी ही कथा ऐकण्यास दुसऱ्या दिवशी सहाची पाळी नसलेले गाव लागते.

तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. १९५६ चा त्यांचा जन्म. स्त्रियांनी बसून गावे ही रीत मोडून त्यांनी पुरुषांची उभ्याने गावयाची कापालिक शैली स्वीकारली आणि त्यासाठी जातीचा रोष पत्करला. पुढे देशोदेशी कीर्ती झाली. २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. या साऱ्यात एक साधी नोंद सहज नजरेआड होते: तीजनबाई भिलाई पोलाद कारखान्याच्या नोकरीत होत्या. या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येईल. गावाच्या सवडीत जन्मलेली कला पगारपत्रकावर आली आणि तिचा उत्सव कार्यक्रम झाला, असे म्हणता येईल. ते सर्वस्वी खोटे ठरणार नाही. पण मला दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. पारधी समाजातल्या, शाळा न पाहिलेल्या एका स्त्रीला पंडवानीने नाव दिले, परंतु म्हातारपणाची काळजी हलकी केली ती नोकरीने. कला जगते ती केवळ प्रतिभेवर नव्हे. पहिल्या तारखेवरही जगते. कलेच्या स्वातंत्र्याविषयी बोलताना या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बोलण्याचे धैर्य समीक्षेने दाखवावे.

सवड हा संघर्षाचा विषय असतो, हे ज्याने या भागात सर्वांत स्पष्टपणे ओळखले तो माणूस वाङ्मयातला नव्हता. शंकर गुहा नियोगी तरुणपणी भिलाई कारखान्यात कामाला होते; तेथून त्यांना काढून टाकण्यात आले. १९७७ साली कारखान्याच्या दल्ली-राजहरा येथील लोखंडाच्या खाणींवर कंत्राटी मजुरांची संघटना उभी राहिली, तिचे नेतृत्व त्यांनी केले. मजुरी वाढली तेव्हा दिसून आले की वाढलेला पैसा दारूच्या दुकानात जात आहे. संघटनेने दारूविरुद्ध मोहीम हाती घेतली. मजुराचे आठ तास मालकाचे आणि उरलेले ज्याचे त्याने पाहावे, ही मर्यादा तिने मानली नाही. १९८३ मध्ये मजुरांच्या पैशांतून आणि श्रमांतून शहीद रुग्णालय उभे राहिले, गाणी झाली, नाटके झाली. संध्याकाळ कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाइतकाच खरा आहे, हे यातून प्रत्ययास आले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत असताना नियोगींची गोळी घालून हत्या झाली. भोवतालच्या खासगी कारखान्यांतील कंत्राटी मजुरांना कायम नोकरी मिळावी, ही तेव्हाच्या लढ्याची मुख्य मागणी होती. सवडीच्या भाषेत सांगावयाचे तर, खाड्याची रजा व्हावी एवढीच.

हे सारे पाहून पुन्हा मराठी वाङ्मयाकडे वळलो म्हणजे नारायण सुर्वे यांची कविता वेगळी उठून दिसते. गिरणीत काम, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई, आणि पुढे महापालिकेच्याच शाळेत शिक्षक, हा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. म्हणजे ‘काम’ आणि ‘नोकरी’ ही दोन्ही जगे त्यांनी आतून पाहिली. ‘दोन दिवस’ या कवितेत आयुष्याच्या दिवसांचा हिशेब मांडलेला आहे. त्या हिशेबात सवडीचे निराळे खाते नाही. मर्ढेकरांना उरलेला वेळ भकास दिसला, देशपांड्यांना तो गजबजलेला दिसला. सुर्व्यांना उरलेला वेळ असा काही वेगळा दिसतच नाही. कामाचा, वाट पाहण्याचा, शिकण्याचा आणि प्रेमाचा दिवस एकच आहे, आणि त्यात आपल्यासारखी इतर हजारो माणसे आहेत. सवडीला कामाचा विरुद्धार्थी शब्द मानण्याच्या चुकीतून ही कविता सुटली आहे. तिची मर्यादाही येथेच आहे. पक्क्या नोकरीत शिरल्यावर माणसाच्या मनात जो आळसावलेला निर्धास्तपणा येतो, त्याचे सुख आणि त्याची टोचणी या कवितेच्या फारशी वाट्याला आलेली नाही. ती टोचणी लिहिणारा लेखक अजून यावयाचा आहे.

त्याने काय लिहावे हे समीक्षकाने सांगू नये. मात्र तो आल्यावर त्याला ओळखता यावे एवढी तयारी समीक्षेने करून ठेवणे योग्य. त्यासाठी दोन प्रश्न पुरेसे होतील. चित्रित केलेली सवड कोणाच्या भरवशावर उभी आहे? आणि ती कोणाबरोबर भोगता येते? पहिल्या प्रश्नाने पक्क्या नोकरदाराच्या निवांत दुपारीमागे कंत्राटी मजुराचा खाडा दिसू लागेल. दुसऱ्याने हे कळेल की एकट्याला मिळालेली कितीही अर्जित रजा एका सामाईक सुट्टीची बरोबरी करू शकत नाही.

हा लेखही नोकरीतून काढलेल्या सवडीतच लिहिला आहे. ती सवड मला मंजूर झाली ती माझ्या गुणांमुळे नव्हे, तर लोखंड्यांपासून नियोगींपर्यंत ज्यांनी दिवसाच्या तासांसाठी झगडा केला त्यांच्यामुळे. लेखकाने आणि वाचकाने आपल्या हातातल्या मोकळ्या तासाकडे अधूनमधून या ऋणाच्या जाणिवेने पाहिले, तर वाङ्मयाची काही हानी होणार नाही.